पुढचं आमच्या बांधीत

या बाप्पा, असे पुढं सरका. ते मागं खांबाला पाठ लावून बसलेले, तुम्हीपण या. गोष्ट ऐकायची तर सांगणाऱ्याचा श्वास लागेल इतकं जवळ बसावं, असं आमचे म्हातारे म्हणायचे. मृदंग नाही, टाळ नाही, पण हरीचं नाव घेऊन बसलो आहोत, म्हणजे निम्मं कीर्तन झालंच. गोष्ट एका पोरीची, एका पुस्तकाची आणि चार दिवसांच्या रोवण्याची, धानाच्या लावणीची आहे. मधेच सोडून उठणार नाही, शेवटापर्यंत नेतो. शेवटाचा शब्द देणं किती जोखमीचं असतं, ते पुढं कळेलच.

कुरखेड्याहून दोन कोस आत, जंगलाला पाठ लावून एक टोला, छोटीशी वस्ती आहे. तिथं बापूरावांचं घर. घरात माणसं चार. बापूराव, त्यांची बायको चंदा, सतरा वर्षांची लेक मंजुषा आणि बापूरावांचे वडील मुखरूबुवा. बुवांनी उभा जन्म कीर्तनकारांच्या मागं उभं राहून मृदंग वाजवला. आता डोळ्यांत सायीसारखं धुकं आलं, पण बोटं अजून मांडीवर चालतात.

त्या साली पाऊस धानाची रोपं, आमचे पऱ्हे, उगवण्यापुरता आला आणि निघून गेला. रोपवाटिकेत पऱ्हे हिरवेगार उभे, आणि बांध्या, धानाची खाचरं, टाचेसारख्या फुटलेल्या. बावीस दिवसांनी आला तो असा आला की साऱ्या गावाची बांधी एकाच दिवशी रोवण्याजोगी झाली. आता कोणाची आधी लावायची? आणि नेमकं त्याच दिवशी चंदाबाई ओल्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली.

तुम्ही म्हणाल, मनगट एका बाईचं मोडलं, त्यात बांधीचं काय अडलं? अडलं ते असं. त्या टोल्यावर रोवणा हातानं हात फेडून चालतो. चौदा बायांची एक टोळी. आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. जिचे दोन हात टोळीत, तिच्या चिखलात सगळ्यांचे हात. आणि जिचा हात गळ्यात अडकवलेला, तिच्या बांधीत बगळे.

टोळीची पुढारीण सत्यशीलाबाई. पन्नाशीची, सडपातळ, बोलणं मोजकं. बापूराव तिच्या अंगणात गेले तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती. बसा म्हणाली नाही. बापूराव पावसात उभे राहिले, डोक्यावर रिकामी युरियाची पिशवी.

"चंदाचा हात मोडला म्हणते," सुपातून मान न काढता ती म्हणाली.

"हो बाई. पण पोरगी येते न तिच्या जागी."

"कोण, मंजुषा? पुस्तक घेऊन फिरते ते?"

"येईल ते. शिकन."

"येऊ द्या भाऊ. आम्ही नाई कुठी म्हणतो? पण पाळी शेवटची. अर्ध्या हाताले पुरी पाळी मले देता येत नाई. बाकीच्या बाया माह्या डोक्यावर बसतीन."

शेवटची पाळी म्हणजे तेरा दिवसांनी. बापूरावांचे पऱ्हे आधीच पस्तीस दिवसांचे झाले होते. अजून पाच-सहा दिवस गेले की पऱ्ह्याला आतून गाठ धरते. मग तो लावला काय आणि बैलापुढं टाकला काय, सारखंच. वर्षाचा भात त्या पाच-सहा दिवसांत अडकला होता. बापूराव घरी आले आणि ओली पिशवी खुंटीला लावली. जेवताना लेकीकडं पाहून म्हणाले, "उद्या जाजो. अन् ते पुस्तक घरी ठेवजो."

मंजुषानं ठेवलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला ओच्यात खोचलं.

हे पुस्तक तिला ग्रामपंचायतीच्या खोलीत सापडलं होतं. कधीकाळी तिथं वाचनालय होतं म्हणे. आता लाकडी पेटी आणि पेटीवर खताची पोती. पुस्तकाचं कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाव कळेना, लिहिणाऱ्याचंही कळेना. गोष्ट थेट नदीच्या घाटावरच सुरू व्हायची. मागचा भाग मात्र जाडजूड, घट्ट होता. मंजुषा रोज पाच-सात पानं वाचायची आणि तिथंच काडी घालून बंद करायची. पुढं काय आहे ते पाहायचं नाही, ही मुखरूबुवांची शिकवण. लहानपणी कीर्तनाला जाताना ती विचारायची, "आबाजी, शेवटी कोण जिंकते?" बुवा म्हणायचे, "माय, कीर्तनकाराच्या आधी शेवटाले जाऊ नये. शेवट पळून जाते."

पहिल्या दिवशी मंजुषाची चांगलीच फजिती झाली. रोवणाऱ्या बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकत जातात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हातानं दोन-तीन काड्या वेगळ्या करून अंगठ्यानं चिखलात दाबायच्या. बोट जेवढं जाईल तेवढंच, जास्त नाही. मंजुषा मनगटापर्यंत रोवत होती. घटकाभरात कंबर धरली, तासाभरात डोळ्यांपुढं हिरवं-काळं फिरायला लागलं. तिनं वर पाहिलं तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या बाया दहा हात मागं निघून गेलेल्या, आणि त्यांनी लावलेल्या धानाच्या मधोमध ती एकटी उभी. चारी बाजूंनी हिरवं. पाय टाकायला जागा नाही.

याला तिथं कोंडणं म्हणतात. हळू हात चालणाऱ्या बाईला मुद्दाम कोंडतात आणि मग सगळ्या उभ्या राहून पाहतात, आता ही बाहेर कशी निघते.

"मंजुषा मॅडम," करिष्मा ओरडली. करिष्मा गेल्या साली लग्न होऊन आलेली, टोळीत सगळ्यांत वेगवान. कमरेला प्लास्टिकमध्ये बांधलेला मोबाईल, त्यात गाणं चालू. "उडून या. पुस्तकात लिवलं नाई काय कसं उडाव ते?"

बाया हसल्या. मंजुषा दुसऱ्याचे पऱ्हे तुडवत बाहेर आली आणि तुडवलेले पुन्हा लावत बसली. पावसाचं एक बरं असतं, तोंड ओलंच असतं.

दुपारी धुऱ्यावर पळसाखाली भाकरी सोडायला बसल्या. मंजुषाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, घास धरताना झोंबत होत्या. तरी तिनं चार घासांत उरकलं आणि पिशवी सोडून पुस्तक काढलं.

"काय असते व त्यात एवढं?" करिष्मानं विचारलं. आता टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. "मोबाईलमधी सगळं असते. गाणी, पिक्चर, सगळं. तुले त्या कागदात काय दिसते?"

मंजुषा गोंधळली. कारण हा प्रश्न तिनं स्वतःला पुष्कळदा विचारला होता आणि उत्तर सापडलं नव्हतं. तिला आठवायचं ते वेगळंच. ती पाच-सहा वर्षांची, आबाजींच्या मृदंगाच्या मागं सतरंजीवर बसलेली. तिथून कीर्तनकारबुवांची पाठ दिसायची आणि समोर सगळ्या गावाची तोंडं. आख्यान रंगात आलं की त्या तोंडांचं एकच तोंड व्हायचं. भांडणारे, न बोलणारे, गरीब, मालदार, सगळ्यांचे ओठ सारखेच अर्धवट उघडे. पुस्तक उघडलं की तिला पुन्हा त्या सतरंजीवर बसल्यासारखं व्हायचं. घरात एकटी, कंदिलाच्या काचेसारखी गप्प, आणि तरी आजूबाजूला मंडप भरलेला. पण हे करिष्माला कसं सांगायचं?

"मालूम नाई," ती म्हणाली. "पुढं काय झालं ते पाहाव वाटते."

"वाचून दाखव." हे सुकरी म्हणाली.

सुकरी म्हणजे टोळीतली सगळ्यांत म्हातारी. भामरागडाकडून, नदीपलीकडच्या जंगलातल्या गावाहून कधीतरी इकडं आलेली गोंड बाई. बोलायची इतकी कमी की तिचा आवाज कसा आहे ते करिष्मानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मंजुषानं वाचलं. घाटावर रेवा नावाची बाई डोंगा चालवते. तिचा नवरा मोठ्या नदीनं खाली गेला तो बारा वर्षं आला नाही. जाण्याआधी तो रोज पलीकडच्या काठावरून कुकारा द्यायचा, लांब, पक्ष्यासारखा, आणि रेवा भाकरी तव्यावर टाकून डोंगा सोडायची. आता कुकारा येत नाही, पण ती रोज संध्याकाळी कान देते.

"चला, उठा," सत्यशीलाबाई पदर खोचत म्हणाली. "रेवाचा नवरा येईल तवा येईल, आपल्याले बांधी पुरी करायची आहे."

"मावशी, अर्ध्यात?" करिष्मा म्हणाली.

सत्यशीलाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग मंजुषाकडं. "तोंडानं सांगता येते का तुले? हात चालवत?"

"येते."

"मंग सांग. पण हात थांबला तं गोष्टबी थांबली."

मंजुषा ओळीच्या मधोमध वाकली आणि सांगू लागली. पुस्तक ओच्यात, गोष्ट तोंडात. आधी शब्द अडखळले, मग आपोआप आबाजींच्या कीर्तनकारांची चाल आली. दोन काड्या, एक वाक्य. दोन काड्या, एक वाक्य. आणि गंमत अशी झाली की आता तिला कोणी कोंडेना. कोंडायचं तर पुढं निघून जावं लागतं, आणि पुढं गेलं की ऐकू येत नाही. बाकीच्या तेराही बाया तिच्या बरोबरीनं मागं सरकत राहिल्या. ओळ अशी सरळ आली की जणू दोरी लावली. कोणी कंबर सरळ करायला उभं राहिलं नाही, कोणी तंबाखू काढली नाही. करिष्मानं कधी गाणं बंद केलं तेही कळलं नाही. दिवस टळायच्या आत बांधी संपली आणि सत्यशीलाबाई धुऱ्यावर उभी राहून ती सरळ ओळ उगाच दोनदा पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाया मंजुषाच्या आधी बांधीवर हजर. तिसऱ्या दिवशी तर करिष्मानं तिच्यासाठी पेंड्या उचलून आणल्या. "तू बोल," म्हणाली, "पेंड्या मी पुरवतो तुले."

घरी मात्र सगळ्यांना पऱ्ह्यांचाच घोर. चंदाबाई डाव्या हातानं चूल पेटवायची आणि रोज सकाळी रोपवाटिकेत जाऊन एक काडी उपटून आणायची. नखानं चिरून बघायची, गाठ धरली का. तिसऱ्या दिवशी तिनं काडी चिरली आणि नवऱ्यापुढं धरली. आत मोहरीएवढा पांढरा ठिपका. बापूरावांनी ती काडी उजेडात फिरवून पाहिली. मग कोपऱ्यात गेले आणि विळ्याला धार लावू लागले, पऱ्हे कापून बैलांना टाकायला लागतील म्हणून.

मंजुषानं ते पाहिलं. त्या दिवशी बांधीत ती गोष्ट सांगत होती ती साधी नव्हती. नदीला पूर. पलीकडच्या काठावर एक माणूस उभा. तोंड जळलेलं, ओळखू येत नाही. गळ्यात तांब्याचा ताईत, रेवाच्या नवऱ्याचा. कुकारा नाही, काही नाही. फक्त हात वर करून म्हणतो, "पार ने." रेवा डोंगा नेते, त्याला बसवते. मनात वादळ. हा नवरा, की नवऱ्याला मारून ताईत घेणारा? भर पुरात, मधोमध, ती बांबू आडवा ठेवते आणि विचारते, "तू कोण?" तो तोंड उघडतो.

इथं मंजुषा थांबली. तिच्या हातातली शेवटची पेंडीही संपली होती. काल वाचलेलंही इथवरच होतं.

"मंग?" बाया एकदम म्हणाल्या.

मंजुषा सरळ उभी राहिली. कीर्तनात बुवा ऐन जागी थांबतात, बुक्का लावायला जातात, आणि सगळा मंडप जागचा हलत नाही, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. तिनं मान खाली घालून म्हटलं, "पुढचं आमच्या बांधीत."

चिखलात बेडूक ओरडत होते तेवढेच.

"काय म्हणाली?" सत्यशीलाबाई.

"मावशी, आमच्या पऱ्ह्याले गाठ धरून राह्यली. उद्या लागले तं लागले. बाबा विळ्याले धार लावून राह्यले."

"उद्या कोणाची पाळी आहे, माहीत आहे तुले?"

"तुमची."

"म्हणजे तू मले अडवून राह्यली. एवढीशी पोट्टी, चार दिवस झाले नाई चिखलात उतरून."

करिष्मा हळूच म्हणाली, "मावशी, तुमचे पऱ्हे तं अजून कोवळे आहेत. आठ दिवस धकतीन."

"तू चूप बैस." सत्यशीलाबाईनं पाय धुतले, एकेका बोटातला चिखल काढला, सगळं सावकाश. मग मंजुषापुढं येऊन उभी राहिली. "माही पाळी तुले दिली. चौदा बायांच्या पुढं देतो. पण शेवट पायजे. तो कोण आहे हे कळल्याबिगर मले रात्रीले झोप येणार नाई. शेवट नसला तं पुढच्या साली तुमच्या धुऱ्यावर टोळीतली एक बाई पाय ठेवणार नाई. ऐकलं?"

"ऐकलं."

ती घरी धावत गेली. बापूरावांनी ऐकलं, विळा खुंटीला लावला आणि बैल सोडून चिखल करायला निघाले, जेवायचंही थांबले नाहीत. संध्याकाळचा उजेड अजून होता. मंजुषा ओसरीवर बसली, पुस्तक काढलं, काडीचं पान उघडलं. तो तोंड उघडतो. पान उलटलं.

पान उलटलंच नाही. मागचा जाड भाग एकाला एक चिकटलेला होता. तिनं नखानं सोडवला आणि मांडीवर भुरभुर माती सांडली. उदई, म्हणजे वाळवी. वरून, कडेनं पानं शाबूत, आणि आतून सगळं पोखरलेलं. हातात राहिली नुसती कागदाची चौकट, तिच्यात मातीची घरटी. एक अक्षर नाही.

तिनं आबाजींच्या हातात ते दिलं. बुवांनी बोट आत घातलं, ते आरपार गेलं.

"आबाजी, मी बनवून सांगू का?"

"येते का बनवता?"

"येईल. नवराच होता म्हणीन. सगळ्या खुश होतीन."

बुवांची बोटं मांडीवर चालली, थांबली. "एक बुवा होते. आख्यानात ओवी विसरले, अन् दुसरीच ठोकून दिली. कोणाले कळलं नाई. पण मले कळलं, मी मागं होतो न. मृदंगावर हातच पडेना मंग." जरा थांबून म्हणाले, "तुही गोष्ट आहे माय. पण तू जे बनवशीन ते तुले तरी खरं वाटलं पायजे."

पहाटे पऱ्हे उपटताना मंजुषानं तीन शेवट बनवले. तिन्ही तिला बेगडी वाटले, जत्रेतल्या फुलांसारखे. उपटलेल्या पेंड्या धुऱ्यावर रांगेनं पडल्या. आता ह्या परत जमिनीत लागणार नाहीत. लागल्या तर आजच, नाहीतर कधीच नाही. एक सोपी वाट होती. गप्प राहायचं, गोष्ट लांबवायची, बांधी लागली की मग सांगायचं, बायांनो, उदईनं खाल्लं. कोणी काय केलं असतं? पण तिच्या डोळ्यांपुढं ती सतरंजी आली आणि ती सगळी उघडी तोंडं.

बाया आल्या. साड्या खोचल्या. सत्यशीलाबाई पहिला पाय चिखलात टाकणार तोच मंजुषा आडवी आली.

"मावशी, पाय टाकू नका. आधी ऐका. शेवट नाई."

तिनं पुस्तक उघडून दाखवलं. माती वाऱ्यानं उडाली.

बापूराव बैलांजवळ उभे होते. त्यांनी डोळे मिटले.

"तुले काल मालूम होतं?" सत्यशीलाबाईनं विचारलं.

"नाई. मी पुढचं पाहतच नाई कधी. आबाजी नाई म्हणतात."

"म्हणजे उदईले मालूम आहे अन् आपल्याले नाई," करिष्मा म्हणाली. एकजण फिसकन हसली, पण सत्यशीलाबाईचं तोंड पाहून गप्प झाली. सत्यशीलाबाईनं ती चौकट हातात घेतली, चुरडली, माती झटकली. मग खोचलेली साडी सोडायला लागली.

तेवढ्यात चिखलात डुबुक असा आवाज झाला. सुकरी उतरली होती. एकटी, वाकून, पहिली पेंडी सोडत होती.

"सुकरीबाई, काऊन उतरली?"

"पऱ्हे उपटून ठेवले आहेत," सुकरी म्हणाली. "मरतीन." दोन काड्या दाबल्या. "अन् पुढं काय झालं ते मले माहीत आहे."

"तुले कसं माहीत? तू वाचलं काय?"

"नाई. ऐकलं. तुम्हीबी ऐकलं, तीन दिवस." पुन्हा दोन काड्या. "नवरा काठावर आला की काय करे?"

मग करिष्मा हळूच म्हणाली, "कुकारा देये."

"यानं दिला?"

"नाई."

"तोंड जळलं म्हणून कुकारा जळत नाई. हा नवरा नोहता."

"मंग मारणारा," सत्यशीलाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. साडीची निरी हातातच राहिली.

"मारणारा माणूस तो ताईत गळ्यात घालून तिच्याच घाटावर येईल काय, बाई? पुरात? तिच्याच डोंग्यात?" सुकरी मागं सरकली. आवाज लहान, धुऱ्यापर्यंत येईना. "पुढचं इथून ऐकू येत नाई तुम्हाले."

करिष्मा उतरली. मग दुसरी. मग एकेक करत सगळ्या. सत्यशीलाबाई शेवटी उतरली, आणि उतरताना मंजुषाच्या पाठीत एक धपका घातला, त्यात राग किती आणि माया किती ते मंजुषाला आजही सांगता येत नाही.

मग जो रोवणा झाला तो त्या टोल्यानं पाहिला नव्हता. चौदा तोंडं एकदम चालू आणि हातही चालू. ताईत त्यानं काऊन आणला? निरोप द्यायला. मंग तोंड कसं जळलं? करिष्मा म्हणाली आगीत, कोणी म्हणाली बिजलीनं, सत्यशीलाबाई म्हणाली, "त्याले काढाले गेला असन आगीतून. नवऱ्याले. नाई निघाला तो. म्हणून तोंड दाखवत नाई तिले." मंजुषानं ते पान तीनदा वाचलं होतं. कुकारा तिनंच सांगितला होता, आणि तिलाच तो ऐकू आला नव्हता.

"पण ते विचारते न, तू कोण. तो काय सांगते?"

सुकरीनं आधी हातातली पेंडी संपवली. दुपार कलली होती, पाऊस थांबून ऊन पडलं होतं, चारातले तीन हिस्से बांधी हिरवी झाली होती.

"मी एकदा पुरात बसली होती डोंग्यात," ती म्हणाली. "पोट नऊ महिन्यांचं. पाणी लाल. डोंगेवाल्यानं नाव विचारलं नाई, गाव विचारलं नाई. पार उतरवलं. काठावर मले कळ आली, बाया घेऊन गेल्या. मी मागं वळून पाहलं नाई. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं." दोन काड्या दाबल्या, हलक्या हातानं, बोट जाईल तेवढ्याच. "तो सांगायले तोंड उघडते. पण रेवा म्हणते, राहू दे. आधी पार. मंग बांबू घेते अन् पार नेते. अन् काठावर उतरल्यावर नाव विचारते. ते विसरत नाई. मी विसरली, रेवा विसरत नाई."

हाच होता तो शेवट, मंजुषाला ठाऊक होतं. लिहिणाऱ्यानं दुसरा लिहिला असेल तर लिहो बिचारा.

सूर्य झाडांना टेकला तेव्हा शेवटची पेंडी उरली. ती मंजुषाच्या हातात दिली. तिनं लावली आणि वर पाहिलं तर पुन्हा कोंडलेली. चारी बाजूंनी धान, मधे ती. सगळ्या धुऱ्यावर उभ्या.

"आता उडून ये," करिष्मा म्हणाली, आणि मंजुषानं मारलेला चिखलाचा गोळा नेमका तिच्या कपाळावर बसला. मग काय विचारता. रोवणा सरला की चिखल खेळायचाच असतो. सत्यशीलाबाईनं बापूरावांना धरून दोन्ही गालांना चिखल फासला आणि ते लहान पोरासारखे हसत उभे राहिले. चंदाबाई एका हातानं सगळ्यांवर पाणी उडवत होती. मुखरूबुवांना कोणीतरी धुऱ्यापर्यंत आणलं होतं. त्यांच्या धोतराला, कपाळाला चिखल लागला. बुवा म्हणाले, "बुक्का आहे हा, लावा." आणि उलट्या घमेल्यावर त्यांची बोटं अशी पडली की चौदाजणी आपोआप हरिनामाच्या गजरात आल्या. सुकरीचा देव वेगळा, नाव वेगळं. पण टाळी तिचीच सगळ्यांत ठाम पडत होती.

परतताना करिष्मा मंजुषाजवळ आली. "काय असते व पुस्तकात, ते सांगतलंच नाई तू."

"आज पाहलं नाई काय?" मंजुषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईची बांधी लागली, बाकीच्यांच्याही ओळीनं लागल्या. बापूरावांच्या पऱ्ह्यांनी मान धरली. दिवाळीनंतर धान घरात आलं, पहिल्या भाताचा घास देवापुढं गेला आणि दुसरा सुकरीच्या पानात.

मंजुषानं वहीची चार पानं कापून त्या पुस्तकाला मागं शिवली, सुई-दोऱ्यानं. त्यावर शेवट लिहिला. नंतर बापूराव ग्रामपंचायतीतल्या त्या लाकडी पेटीचा उदईनं खाल्लेला तळ बदलायला सागाच्या दोन फळ्या घेऊन गेले, न सांगता. आता गावातल्या बाया ते पुस्तक मागून नेतात, ज्यांना वाचता येत नाही त्या दुसरीकडून वाचवून घेतात.

बाप्पा, त्या पुस्तकाला नाव नाही. लिहिणाऱ्याचं नाव पहिल्या पानांबरोबर गेलं. सगळ्या पुस्तकात खऱ्या माणसाचं नाव एकच आहे, शेवटच्या पानाच्या खाली, मंजुषाच्या अक्षरात: हे सुकरीबाईनं सांगितलं. ती बाई मागच्या उन्हाळ्यात गेली. तिला अक्षर येत नव्हतं, आणि तिच्याइतकं वाचणारं मी कोणी पाहिलं नाही. एवढंच मागतो तुमच्याजवळ. आता उठाल, घरी जाल, ताटात भात येईल. पहिला घास घेताना देवाचं नाव घ्या, आणि त्याच्या मागून, हळूच, सुकरीचं.